तीन नंबरची बॅटरी

४ फेब्रुवारी

तीन नंबरच्या बॅटरीनं आज दोनशे साठ फोटोंत मान टाकली. सकाळी चार्जरवरून मी स्वतः काढली होती, दिवा हिरवा झालेला पाहून. आमच्या स्टुडिओत दोन कॅमेरे आणि सहा बॅटऱ्या आहेत. दोन्ही कॅमेरे एकाच जातीचे, त्यामुळे कुठलीही बॅटरी कुठल्याही कॅमेऱ्यात चालते. प्रत्येकीवर मी लाल नेलपेंटनं नंबर घातला आहे आणि काउंटरखाली एक वही ठेवली आहे: कुठली बॅटरी, कुणी वापरली, किती फोटोंत संपली. हे हसतात. म्हणतात, तू बॅटऱ्यांची हजेरी घेतेस. घेते! अठ्ठावीस वर्षं हे दुकान कुणीतरी हजेरी घेतल्यामुळेच चाललं आहे.

आता ती वहीच बोलते आहे. दोन वर्षांपूर्वी एक बॅटरी आठशे-नऊशे फोटो सहज काढायची. धाकटीच्या कॅमेऱ्यात अजून काढते. माझ्या कॅमेऱ्यात आली की अडीचशे.

धाकटी म्हणजे माझी जाऊ. भावजी लांब धरणाच्या कामावर असतात, वर्षातून दोनदा उगवतात. ती आमच्यातच राहते आणि दुकानात दुसरा कॅमेरा सांभाळते. कॅमेरा हातात कसा धरायचा हे तिला मी शिकवलं. तिच्याविषयी मनात काही आणायचं नाही असं मी ठरवलं आहे. पण कुठेतरी पाणी मुरतंय एवढं नक्की.

५ फेब्रुवारी

आणलंच मनात. दुपारी मी तासभर पडते तेव्हा माझा कॅमेरा कपाटात असतो आणि कपाटाची किल्ली खिळ्याला. ती घेऊन बाहेरची कामं करत असेल तर? म्हणून फोटोंचे आकडे तपासले. कालचा शेवटचा आणि आजचा पहिला, मध्ये एकही नंबर गळलेला नाही. (आकडे मुंगीएवढे. तीनदा वाचावे लागले. कॅमेरे बनवणाऱ्यांना ते मोठे करायला काय होतं?)

नंबर गळला नाही याचा अर्थ ती निर्दोष असा होत नाही. स्वतःचं कार्ड घालून फोटो काढायचे आणि नंतर आकडा मागे नेऊन ठेवायचा, असं करता येतं म्हणतात. धाकटी हुशार आहे. माझ्याच हाताखाली तयार झाली आहे.

१० फेब्रुवारी

एक आजोबा ओळखपत्राच्या फोटोसाठी आले होते. मी काढला. ते जिना उतरणार तेवढ्यात धाकटीनं हाक मारली, "आजोबा, डोळे मिटले गेलेत हो. बसा परत, एक मिनिट."

डोळे मिटलेले नव्हते. मी फोटो मोठा करून पाहिला होता, मी नेहमीच पाहते. ह्या आठवड्यातली ही तिसरी वेळ. गिऱ्हाइकाच्या मनात तिचा चेहरा राहावा, माझा नाही, याची ही सगळी सोय. कानामागून आली आणि तिखट झाली ती अशी.

शिवाय दर मंगळवारी आणि गुरुवारी चारच्या ठोक्याला खांद्याला पिशवी लावून बाहेर. विचारलं तर "बँकेत काम होतं." एवढी कामं बँकेच्या मॅनेजरला तरी असतात का?

१४ फेब्रुवारी

आज काही घडलं नाही, म्हणून कामाची पद्धत लिहून ठेवते. उद्या कुणी म्हणायला नको की दोष माझ्याकडे होता.

कॅमेऱ्याच्या छोट्या खिडकीला डोळा लावणं मी कधीच सोडलं. त्यात सगळं धुरकट दिसतं, काच जुनी झाली असणार. मी कॅमेऱ्याच्या पाठीवरचा स्क्रीनचा पडदा चालू करते. चेहरा पडद्यावर इतका मोठा करते की नाकाच्या दोन्ही बाजूंच्या रेषा दिसाव्यात. मग बटण अर्धं दाबून धरते. आतली फोकसची मोटार घुर्र घुर्र करत मागेपुढे जाते, मला पटेपर्यंत तिला तसंच ठेवते, आणि मग फोटो. तो परत मोठा करून चारी कोपरे पाहते. समाधान झालं नाही तर पुन्हा सगळं. धाकटी खिडकीला डोळा लावते, खटक, "नेक्स्ट". असली घाई! तिचे फोटो चांगले येतात, पण ते नशीब.

ह्यांना म्हटलं, स्टुडिओतले दिवे बदला. गेल्या वर्षी बदललेल्यांना प्रकाशच नाही, नुसतं भोवती रंगीत कडं. हे म्हणाले, "दिवे ठीक आहेत गं. एकदा डोळे..." मी ताट सरकवून उठले. आमच्या घरात डोळ्यांचं नाव काढायचं नाही हे ह्यांना माहीत आहे. माझी आई डोळ्याच्या ऑपरेशनला चालत गेली होती आणि भिंत चाचपत घरी आली. पुढची अकरा वर्षं मी तिला हाताला धरून न्हाणीघरात नेत होते. ते मला पुन्हा ऐकायचं नाही, आणि माझे डोळे उत्तम आहेत.

१६ फेब्रुवारी

तीन नंबरची आज साडेपाचशे चालली! परवा अडीचशे. पाच नंबरचंही तेच, एक दिवस राणी, एक दिवस भिकारीण. बॅटरी म्हातारी झाली तर रोज थोडी थोडी उतरते, अशी उड्या मारत नाही. बॅटऱ्यांना कुणीतरी हात लावतं आहे.

१८ फेब्रुवारी

कुणाला न सांगता कॅमेरा आणि सहाही बॅटऱ्या घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेले. भला माणूस आहे, पण प्रश्न फार विचारतो. त्यानं कॅमेरा कॉम्प्युटरला जोडला आणि आजवर एकूण किती वेळा बटण दाबलं गेलं तो आकडा काढून दिला. माझ्या वहीतल्या बेरजेशी ताडून पाहिला. अकरा फोटोंचा फरक. म्हणजे चोरून फोटो काढलेले नाहीत.

"बॅटऱ्या?" मी विचारलं.

"सहाही ठणठणीत आहेत, बाई. थोड्या थकल्यात, पण सातशेला मरण नाही. तुम्ही फोटो काढताना पडदा सारखा चालू ठेवता का? आणि मोटार..."

मी म्हटलं, "मी काय आज कॅमेरा हातात घेतला का? तुम्ही शाळेत होतात तेव्हापासून हे काम करते."

बॅटऱ्या पिशवीत भरून निघाले. येताना पायरी चुकली. पायऱ्यांना सगळीकडे एकच रंग फासायची काय फॅशन आली आहे कोण जाणे. गुडघा खरचटला, कॅमेरा वाचला.

२१ फेब्रुवारी

आज जे ऐकलं ते शब्द न शब्द लिहून ठेवते.

मी मागच्या खोलीत पाकिटं चिकटवत होते. पलीकडे हे आणि धाकटी. मी तिथे आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं.

धाकटी म्हणाली, "दादा, कारखान्याच्या ओळखपत्रांच्या कामाआधी त्यांच्या हातातून कॅमेरा काढायलाच हवा."

हे म्हणाले, "तू सांगणार का तिला? मी नाही."

"मग चाललंय तसं चालू दे. मी सांभाळते. पण त्यांना कळता कामा नये."

म्हणजे बॅटऱ्या हे निमित्त. बॅटरी सारखी संपते, मोठीला आता जमत नाही, म्हातारी झाली, असं हळूहळू सगळ्यांना पटवायचं आणि दुकान धाकटीच्या हाती द्यायचं. आणि ह्यात हे सामील! बत्तीस वर्षांचा संसार.

कॅमेरा काढून घेतला तर माझ्याकडे उरतं काय? स्वयंपाक धाकटी माझ्यापेक्षा बरा करते. हिशेब हे बघतात. मला एवढी एकच गोष्ट येते.

२३ फेब्रुवारी

पुरावा हवा, म्हणून परीक्षा घेतली. शाळेत ओळखपत्रांचे फोटो होते. मी धाकटीला म्हटलं, "आज कॅमेरे बदलू. तू माझा घे, मी तुझा." ती जरा चपापली, पण "बरं, ताई" म्हणाली. मी तिचा चांगला कॅमेरा आणि सहा नंबरची बॅटरी घेतली. तिला माझा बिघडलेला कॅमेरा आणि ती अवदसा तीन नंबरची दिली. दोन्ही बॅटऱ्या मी स्वतः रात्रभर चार्ज केलेल्या.

संध्याकाळी: धाकटी सहाशे दहा, बॅटरीत अजून थोडा जीव शिल्लक. मी दोनशे सत्तर, खलास.

आता नीट विचार करू. बॅटरीत दोष नाही, कारण वाईट बॅटरी तिच्याकडे चालली. कॅमेऱ्यात दोष नाही, कारण चांगला कॅमेरा माझ्याकडे बंद पडला. मग उरलं काय?

उरली धाकटी.

२६ फेब्रुवारी

कारखान्याचं काम आज सुरू झालं. सहाशे कामगारांची नवी ओळखपत्रं, दोन दिवस, कँटीनमध्ये दोन टेबलं. पहिल्यावर मी, दुसऱ्यावर धाकटी. वर्षातलं सगळ्यात मोठं काम हेच.

अकराला चहाची सुट्टी झाली. मी नळावर हात धुवायला गेले, मागे वळून पाहिलं तर धाकटी माझ्या टेबलाशी वाकलेली आणि माझ्या कॅमेऱ्याचं झाकण उघडं. मी धावत जाऊन तिची पिशवीच ओढून घेतली आणि सगळ्यांसमोर टेबलावर उलटी केली. रुमाल, पेन, पाण्याची बाटली, आणि दोन बॅटऱ्या. लाल नेलपेंटनं एकीवर तीन, एकीवर पाच.

मी माझ्या कॅमेऱ्यातली बॅटरी काढली. तिच्यावरही तीन. माझ्या डबीत पाच होतीच. दोन तीन, दोन पाच! माझ्या अक्षराची नक्कल. माझ्या नेलपेंटची.

मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. चोर म्हटलं. घरात घेतलं ही चूक झाली म्हटलं. कामगार रांगेत उभे राहून ऐकत होते आणि कारखान्याचे अधिकारी चहाचा कप हातात धरून तसेच थांबले होते. धाकटी एवढंच म्हणाली, "ताई, घरी बोलू." मी म्हटलं, "माझ्या टेबलाकडे पुन्हा फिरकू नकोस."

ती फिरकली नाही. आज नाही आणि उद्याही नाही फिरकणार. बरं वाटतं आहे. चोर हाती लागला.

२८ फेब्रुवारी

काल माझ्या टेबलाचे उरलेले सगळे फोटो मी एकटीनं, कुणाची लुडबुड नसताना काढले. बॅटऱ्या चार लागल्या.

आज दुपारी कारखान्यातून फोन आला. अधिकारी फार सभ्यपणे बोलले. "बाई, दुसऱ्या टेबलाचे फोटो उत्तम आहेत. पहिल्या टेबलाचे गेटवरचं मशीन घेत नाही. चेहरा ओळखू येत नाही म्हणतं. दोनशे अडतीस माणसं आहेत. सोमवारी पुन्हा काढावे लागतील. आणि कृपा करून त्या दुसऱ्या बाईंना पाठवा."

मी ह्यांना म्हटलं, "पाहिलंत? माझी लेन्ससुद्धा बिघडवून ठेवली तिनं."

ह्यांनी मला कॉम्प्युटरसमोर बसवलं, दोन फोटो शेजारी शेजारी लावले आणि विचारलं, "ह्यातला चांगला कुठला?"

दोन माणसं होती, निळ्या सदऱ्यातली. मी पुढे सरकून पाहिलं, मागे होऊन पाहिलं, वाचायचा चष्मा काढून आणि घालून पाहिलं. मला दोन्ही सारखेच दिसले.

मी म्हटलं, "डावीकडचा."

डाव्या फोटोवर पहिल्या टेबलाचा नंबर होता. तोही मला दिसला नव्हता, ह्यांनी वाचून दाखवला.

५ मार्च

पाच दिवस ही वही उघडली नाही. पण खोटं लिहायला नको म्हणून लिहिते.

दोन वर्षं. हे म्हणाले, दोन वर्षांपासून. काल डॉक्टरांनीही तपासून तेच सांगितलं: मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत. बॅटऱ्या मीच खात होते. पडदा, मोटार, मोठं करून पाहणं, पुन्हा पाहणं. दुरुस्तीवाल्यानं पाच मिनिटांत ओळखलं होतं. मी त्याला बोलूही दिलं नाही.

धाकटीच्या खोलीत गेले. ती कपडे घड्या करत होती. उभ्यानंच म्हटलं, "चुकले मी. तुला चोर म्हटलं, ते लोकांसमोर म्हटलं. माफ कर म्हणायला तोंड नाही, तरी म्हणते."

तिनं बसायला जागा केली. "बसा, ताई."

"दोन तीन आणि दोन पाच कशाला गं?"

"तुमची बॅटरी मध्येच संपली की तुम्ही घाबऱ्याघुबऱ्या व्हायचात. मग आणखी जोरात डोळे ताणायचात. म्हणून सुट्टीत भरलेली घालून ठेवायची. नवा नंबर टाकला असता तर तुम्ही लगेच वही काढली असती."

हे मात्र खरं.

"आणि डोळे मिटले, डोळे मिटले म्हणून गिऱ्हाइकांना परत बसवायचीस ते?"

"मग काय सांगणार होते त्यांना?"

"मला सांगायचंस."

"दादांनी मागच्या वर्षी सांगून पाहिलं. तुम्ही चार दिवस कुणाशी बोलला नाहीत." तिनं घडीतली बाही सरळ केली. "आणि मला खरंच वाटायचं की तुम्ही कॅमेरा खाली ठेवावा. ते खोटं नाही ऐकलंत तुम्ही."

मंगळवार-गुरुवारचंही विचारलं. म्हणाली, डोळ्यांच्या दवाखान्यात तुमच्यासाठी नंबर लावायला जात होते, तिथली रांग लांब असते. बारा तारखेला ऑपरेशनचा नंबर लागला आहे. मला भीती वाटते. आईचा हात अजून आठवतो, भिंतीवरून सरकणारा. पण ह्या वेळी नाही म्हणायला मला तोंड राहिलेलं नाही.

११ मार्च

उद्या. हे दवाखान्याची पिशवी भरत आहेत आणि दर वस्तू मला दाखवून भरत आहेत, जणू मी महिनाभर चालले आहे. धाकटीनं कारखान्याचे दोनशे अडतीस फोटो एकटीनं पुरे केले. एक बॅटरीही पूर्ण संपली नाही. मी विचारलं नव्हतं, तिनंच बॅटऱ्यांच्या वहीत लिहून ठेवलं होतं.

डॉक्टर म्हणाले, नंतर आठ दिवस वाचायचं-लिहायचं नाही. ही वही मी एकवीस वर्षांत आठ दिवस कधी बंद ठेवलेली नाही. ह्यांना लिहायला सांगितलं तर "ऑपरेशन झालं. ठीक." एवढ्यात आटपतील. धाकटीचं अक्षर चांगलं आहे. पण ह्या वहीत तिच्याविषयी काय काय आहे ते मलाच माहीत.

मागच्या सगळ्या पानांना मिळून कपड्यांचा चिमटा लावते आहे.

१३ मार्च

(ताई सांगतात, मी लिहिते. - धाकटी)

ऑपरेशन झालं. दुखलं नाही. डॉक्टर पूर्ण वेळ क्रिकेटवर बोलत होते, म्हणजे काम त्यांना सोपं गेलं असावं. आज सकाळी पट्टी काढून पाहिलं. खिडकीची चौकट पांढरी निघाली. मी तिला इतके दिवस पिवळी समजत होते. ह्यांच्या कपाळावर बऱ्याच रेषा आहेत, त्या केव्हा आल्या ते मला माहीत नाही. मी रडले. हे पण रडले, पण ते लिहू नकोस म्हणाले आहेत. लिही.

दुसरा डोळा पुढच्या महिन्यात. तोवर कॅमेरा धाकटीकडे. माझा पण. पुढे बघू, पडदा न लावता काय जमतं ते. आता डोळ्यात औषध घालायची वेळ झाली. पुरे.

ताई झोपल्यात. पुढचं माझं.

चिमटा मी काढला. सगळं वाचलं, चार फेब्रुवारीपासून. मागची पानं वाचणार नाही असं ताईंना सांगितलं होतं. वाचताना दोनदा हसले आणि एकदा उठून बाहेर जाऊन उभी राहिले.

ताई, तुम्ही लिहिलेलं बहुतेक चुकीचं आहे. एक बरोबर आहे. मंगळवार-गुरुवार मी दवाखान्यात जात नव्हते. नंबर लावायला एकदाच गेले. बाकीचे दिवस मी एक जागा बघत होते, बाजाराच्या मागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर. भाड्याची. माझ्या स्वतःच्या स्टुडिओसाठी. उत्तरेकडे दोन खिडक्या आहेत, दिवसभर सारखा उजेड. त्या दोन बॅटऱ्या मी आधी तिथल्यासाठी घेतल्या होत्या. नंबर नंतर रंगवले, तुमची अवस्था पाहून.

तुम्ही माफी मागायला आलात तेव्हा सांगायला हवं होतं. तुम्ही उभ्याच होतात, मला धीर झाला नाही. जागेला अजून हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही. दादांना हे माहीत नाही.

वीस तारखेला तुम्हाला वाचायची परवानगी आहे. तुम्ही आधी हेच पान उघडाल, मला खात्री आहे. त्या दिवशी मी कुठेही जाणार नाही, तुमच्यासमोर बसून राहणार आहे. मग काय बोलायचं ते बोला.